पहिला सीव्ही: 'लिहिण्यासारखं काही नाही' म्हणणाऱ्यांसाठी

कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान असतं आणि त्याच्या काचेवर लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंगच्या जोडीला 'बायोडाटा करून मिळेल' अशी पट्टी चिकटवलेली असते. आत संगणकात साचा तयारच असतो. नाव बदलायचं, मार्क बदलायचे, प्रिंट काढायची. घाईत आधीच्या गिऱ्हाइकाचे छंद तसेच राहून जातात, कधी त्याचं गावसुद्धा. नोकरीच्या अर्जांच्या गठ्ठ्यात एकाच आईची लेकरं वाटावीत असे जे कागद असतात, त्यांतले बरेच इथे जन्मलेले असतात.

हा साचा बाजूला ठेवून पहिला सीव्ही स्वतः बसून कसा लिहायचा, ते इथे सांगतो. डोळ्यांसमोर आहेत बारावी, आयटीआय, डिप्लोमा किंवा साधी पदवी झालेली मुलंमुली. त्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: 'माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही.' असतं. ते 'काम' म्हणून आजवर कुणी मोजलेलं नसतं, इतकंच. पहिल्या सीव्हीचे खरे कष्ट हे शोधून काढण्यात आहेत. टायपिंग त्यामानाने किरकोळ.

आधी वही, मग संगणक

एक साधी वही घ्या. दहावीनंतरच्या प्रत्येक वर्षाला एक पान द्या आणि त्या वर्षी कशाकशाला हात लावला, ते आठवेल तसं उतरवा. पगार मिळाला की नाही, हा प्रश्न आत्ता विचारायचा नाही. घरचं किराणा दुकान सांभाळलं, काकांच्या मेडिकलमध्ये सुट्टीत उभे राहिलात, द्राक्षाच्या हंगामात पॅकिंगला गेलात, शेजारच्या पोरांची शिकवणी घेतली, लग्नसराईत केटररकडे वाढायला गेलात, सगळं लिहा. घरच्यांनाही विचारा. तुम्हाला 'त्यात काय एवढं' वाटणारी कामं आईला बरोबर आठवतात.

काही गोष्टी मुलं हमखास विसरतात किंवा मुद्दाम लपवतात. त्यातली पहिली 'कमवा व शिका'. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेली ही पद्धत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्यांच्याच नावाने ही योजना चालते. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, कार्यालयात नोंदी करणं, बागेचं काम, असं बरंच काही त्यात असतं. गरिबी दिसेल म्हणून मुलं ते सीव्हीत घालत नाहीत. मी तर म्हणेन, ते अगदी वरती घाला. शिकता शिकता ठरल्या तासांना हजर राहून काम केलेला उमेदवार कुठल्याही मालकाला हवाच असतो.

दुसरी एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर करूनही कागदावर 'एनएसएस स्वयंसेवक' हे दोनच शब्द येतात. शिबिरात बंधारा घातला, की घरोघरी जाऊन पाहणी केली? तुमच्या गटात किती जण होते, जेवणाचा हिशेब कुणी ठेवला? ते लिहा.

तिसरी गोष्ट मंडळ. गणेशोत्सवात 'कार्यकर्ता' होतो, असं म्हणून काही कळत नाही. पण धर्मादाय आयुक्तांकडे वर्गणीच्या परवानगीचा अर्ज केला, पोलीस ठाण्यात आणि पालिकेत मंडपाच्या परवानगीसाठी खेटे घातले, पावतीपुस्तकं वाटून परत गोळा केली, शेवटी जमाखर्च लिहून सभेपुढे ठेवला, हे कुठल्याही कचेरीला समजणारं काम आहे. एखाद्या पक्षाच्या युवा आघाडीचं पद असेल, तर खासगी नोकरीच्या सीव्हीत ते मी घालणार नाही. त्या पदावर असताना केलेलं रक्तदान शिबिर मात्र घालीन.

वही भरली की प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा: कुठे, कधीपासून कधीपर्यंत, हाताने नेमकं काय केलं आणि किती केलं. शेवटच्या दोन रकान्यांत अडखळायला होतं. म्हणून त्यांच्यासाठी जरा थांबू.

'मदत केली' म्हणजे नेमकं काय केलं?

समजा, मिरज तालुक्यातल्या एका गावात बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी आहे. घराजवळ दूध संकलन केंद्र आहे. गेली दोन वर्षं ती रोज सकाळी दोन तास तिथे बसते आणि मग कॉलेजची एसटी पकडते. तिने पहिल्यांदा लिहिलं, 'दूध डेअरीत मदत केली.'

या ओळीवरून तिने झाडू मारला की हिशेब केला, काही कळत नाही. म्हणून तिला विचारायचं, मदत म्हणजे काय गं? मग उत्तरं येतात. दूध मोजायचं. नमुना घेऊन मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघायचं. सभासदाच्या नंबरवर संगणकात नोंद करून पावती द्यायची. दर दहा दिवसांनी बिलं काढायची आणि त्यातून पशुखाद्याची उचल वजा करायची. कुणी 'माझी फॅट आज कमी कशी लागली?' म्हणून तावातावाने आलं, तर त्याच्यासमोर नमुना पुन्हा लावून दाखवायचा. सभासद किती? ऐंशी-पंच्याऐंशी.

आता ओळी अशा होतात:

• रोज सुमारे ८५ दूध उत्पादकांच्या दुधाचं मोजमाप, फॅट-एसएनएफ तपासणी आणि संगणकात नोंद.
• दर दहा दिवसांची बिलं तयार करणं. पशुखाद्याची उचल वजा करून रकमा जुळवणं.
• मोजमापाच्या तक्रारी आल्यास नमुना पुन्हा तपासून उत्पादकांना समजावून देणं.

यात एकही भारदस्त शब्द नाही. 'कम्युनिकेशन स्किल' असं न लिहिताही तिसऱ्या ओळीत ते दिसतं, आणि 'अकाउंट्सचं ज्ञान' दुसरीत.

हीच मुलगी सांगलीत सीएच्या ऑफिसात अर्ज करणार असेल, तर बिलांची ओळ वर जाईल. कॉल सेंटरला करणार असेल, तर तक्रारींची. मोठ्या दूध संघाच्या संकलन विभागात जागा निघाली, तर फॅट-एसएनएफची ओळ सगळ्यात वर. मजकूर तोच, क्रम बदलतो. प्रत्येक अर्जाला नवा सीव्ही लिहायची गरज नसते. जाहिरात दोनदा वाचून तिच्यात मागितलेलं काम आपल्या कागदावर वरच्या अर्ध्यात आहे ना, एवढं पाहायचं.

आकडा टाकताना मोह होतो. ८५ ऐवजी ३०० लिहिलं तर काय बिघडतं? बिघडतं. समोर बसलेला माणूस त्याच भागातला असतो. दोन तासांत एका मशीनवर तीनशे नमुने होत नाहीत हे त्याला ठाऊक असतं, आणि मग बाकीचा कागदही तो त्याच नजरेने वाचतो. नक्की आकडा आठवत नसेल तर 'सुमारे' लिहा. आकडाच नसेल तर नसू द्या.

यासाठी माझी एकच कसोटी आहे आणि ती मी सीव्हीतल्या प्रत्येक शब्दाला लावतो: या ओळीवर तुम्हाला दोन मिनिटं बोलता येईल का? मुलाखत घेणाऱ्यापुढे तुमच्याबद्दल दुसरं काहीच नसतं, तेव्हा तो कागदावर बोट ठेवूनच प्रश्न विचारतो. जी ओळ आली की पोटात गोळा येईल, ती आजच खोडा. आणि ज्या विषयावर तुम्हाला भरभरून बोलायचंय, त्याची ओळ कागदावर असायलाच हवी.

आयटीआयच्या मुलांना हे विशेष लागू. 'फिटर, दोन वर्षे' एवढ्याने चाकणच्या किंवा वाळूजच्या कंपनीतल्या सुपरवायझरला काय कळणार? फायलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग केलंय का, ड्रॉइंग वाचता येतं का, मोजमापाला काय वापरलंय, ते लिहा. आणि 'व्हर्नियर, मायक्रोमीटर वापरता येतो' असं लिहिलंत तर लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारणारच. व्हर्नियरचा ०.०२ मिलिमीटर आणि मायक्रोमीटरचा ०.०१ हे झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवं.

कंपनीत काम केलंय, पण कुणाच्या पगारावर?

हा मुद्दा लहान दिसतो, पण याच्यावरून हातची नोकरी जाऊ शकते. एमआयडीसीत अनेक मुलं मोठ्या कंपनीच्या गेटमधून आत जातात, कंपनीचा युनिफॉर्म घालतात, पण पगार कंत्राटदाराकडून घेतात. सीव्हीत कंपनीचं नाव लिहिलं आणि पुढच्या कंपनीने चौकशी केली, की तिथल्या एचआरच्या यादीत तुमचं नाव सापडत नाही. तुम्ही खरं काम केलेलं असूनही खोटे ठरता. म्हणून पगाराच्या स्लिपवर ज्याचं नाव आहे ते आधी लिहा आणि 'यांच्यामार्फत अमुक कंपनीच्या असेंब्ली लाइनवर' असं पुढे लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

तसंच अप्रेंटिस, ट्रेनी आणि इंटर्न हे एकमेकांच्या जागी वापरू नका. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली करार झाला असेल तरच 'अप्रेंटिस' लिहा; परीक्षा होऊन राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळालं असेल तर तेही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून तहसील कचेरीत, पंचायत समितीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच मुलं प्रशिक्षणार्थी म्हणून गेली. बारावीवाल्यांना महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन, असं तिचं स्वरूप होतं. ते 'सरकारी नोकरी' म्हणून लिहू नका आणि गाळूही नका. 'प्रशिक्षणार्थी, या योजनेअंतर्गत' असं लिहून टेबलावर नेमकं काय काम केलं ते सांगा: आवक-जावक नोंदवही, दाखल्यांचे अर्ज तपासणं, ऑनलाइन नोंदी.

शिक्षण: इथे फार रमायचं नाही

शेवटचं शिक्षण आधी, मग मागे मागे दहावीपर्यंत. बालवाडी ते नववी कुणी विचारत नाही. अभ्यासक्रम, कॉलेज, विद्यापीठ किंवा मंडळ, वर्ष आणि गुण, एवढं पुरे. गुण मार्कलिस्टवर आहेत तसेच. ५९.६०चे ६० करू नका. कुठे ६० टक्क्यांची अट असेल तर कागदपत्रं तपासताना ते उघडं पडतंच. सीजीपीए असेल तर सीजीपीए लिहा. टक्के मागितले असतील तर आपल्या विद्यापीठाच्या सूत्रानेच काढा.

एटीकेटी, म्हणजे एखादा विषय राहूनही पुढे जायची मुभा, घेतलेली असेल तर? शिक्षणाच्या ओळीत 'सहाव्या सत्राचा एक विषय बाकी, परीक्षा एप्रिल २०२६' असं थेट लिहा. 'पदवी पूर्ण' असं लिहून नंतर सारवासारव करण्यापेक्षा हे बरं.

नावाचं एक बघून घ्या. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी असतं, आधारवर वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं, पॅनवर स्पेलिंग तिसरंच. नोकरी लागल्यावर पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा क्रमांक) आधारशी जोडला जातो आणि तिथे नावाचा घोळ त्रास देतो. सीव्हीत आधारप्रमाणे नाव ठेवा आणि कागदपत्रांत फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करायला घ्या. त्याला वेळ लागतो.

येतं काय, तेही मोजून

'संगणकाचं ज्ञान: एमएस-सीआयटी' ही ओळ महाराष्ट्रात इतक्या जणांकडे असते की तिच्यावर नजर थांबत नाही. सरकारी भरतीत प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते जरूर लिहा. पण पुढे सांगा की एक्सेलमध्ये काय येतं: फॉर्म्युले, फिल्टर, व्हीलुकअप, पिव्होट टेबल? टॅलीत व्हाउचर एंट्री येते की जीएसटीसह बिलिंग? टायपिंगची शासकीय परीक्षा दिली असेल तर 'मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट' असा वेग लिहा; वकिलाच्या, नोटरीच्या आणि पतसंस्थेच्या कचेरीत याला आजही किंमत आहे.

आयत्या डिझाइनमध्ये कौशल्यांपुढे रंगीत पट्ट्या असतात, एक्सेल ८० टक्के, इंग्रजी ७० टक्के. ८० टक्के एक्सेल म्हणजे किती, हे पट्टी काढणाऱ्यालाही सांगता येणार नाही. काढून टाका.

भाषांच्या रकान्याकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि मला तो फार आवडतो. मराठी, हिंदी, इंग्रजी सगळेच लिहितात. पण तुम्ही जत किंवा अक्कलकोटचे असाल आणि घरी-बाजारात कन्नड बोलत असाल, सोलापुरात वाढून तेलुगू येत असेल, नंदुरबारकडची भिली, मेळघाटातली कोरकू किंवा गडचिरोलीची गोंडी येत असेल, तर ती आवर्जून लिहा. मायक्रोफायनान्स, आरोग्य प्रकल्प, शेतीच्या औषधांची विक्री, जिथे गावोगाव फिरून बोलायचं असतं, तिथे अशी भाषा येणारा माणूस शोधूनही मिळत नाही. फक्त बोलता येते की वाचता-लिहिताही येते, ते स्पष्ट करा. इंग्रजी 'अस्खलित' असं लिहाल तर मुलाखत इंग्रजीतच सुरू होईल, याची तयारी ठेवा.

फिरतीच्या कामाला अर्ज करताना 'दुचाकी आहे, पक्कं लायसन्स आहे' ही ओळ पदवीइतकीच महत्त्वाची. ती शेवटी कुठेतरी कोंबू नका.

मधली दोन-तीन वर्षं

पदवी २०२२ची आणि अर्ज २०२५चा. मधे काय? उत्तर बहुतेकदा पुण्यातल्या पेठांमध्ये किंवा जिल्ह्याच्या गावातल्या अभ्यासिकेत असतं: एमपीएससी, नाहीतर पोलीस भरती. ही वर्षं लपवायला मुलं तारखा पुढेमागे करतात. करू नका. ज्याने कागद हातात घेतलाय त्याच्याही घरात असा एखादा भाचा-पुतण्या असतोच. सरळ लिहा: 'जुलै २०२२ ते मार्च २०२५, राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी.' पूर्व परीक्षा पार केली असेल तर तेही सांगा, मुख्यपर्यंत गेला असाल तर नक्कीच. त्या काळात अभ्यासिकेचं व्यवस्थापन सांभाळलं, क्लासमध्ये पेपर तपासले, रात्री कुठे काम केलं, तर त्याची वेगळी ओळ करा. ते अनुभवात जातं.

मुलाखतीत 'आता परीक्षा सोडली का?' हा प्रश्न येणार. मालकाला भीती असते की दोन महिन्यांनी जाहिरात निघाली की हा जाणार. याचं खरं उत्तर आधी स्वतःशी ठरवा. 'सोडली' असं म्हणून पुढच्याच महिन्यात सुट्टी मागू नका.

आजारपण, घरातलं दुखणं, शेतीची जबाबदारी यांमुळे खंड पडला असेल तर 'कौटुंबिक जबाबदारी' हे दोन शब्द आणि तारखा पुरेत. सविस्तर कुणाला लिहून द्यायची गरज नाही.

काय गाळायचं

लग्नाचा बायोडाटा घरात फिरत असतो, त्याची सवय नोकरीच्या कागदात उतरते. मग वैवाहिक स्थिती, जात, धर्म, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय, भावंडं किती, असं सगळं येतं. खासगी नोकरीच्या सीव्हीत यातलं काही नको. सरकारी भरतीत प्रवर्ग लागतो, पण तो त्यांच्या अर्जात भरायचा असतो. जन्मतारीख ऐच्छिक समजा. अप्रेंटिसशिपसारख्या वयाची अट असलेल्या जागेला जरूर द्या. फोटो मागितला असेल तरच. आधार आणि पॅनचे नंबर कधीच नाही. हा कागद किती व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरेल, ते तुमच्या हातात नसतं.

सगळ्यात वर 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' म्हणून 'चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट'मध्ये काम करून 'ऑर्गनायझेशन'च्या प्रगतीला हातभार लावण्याची इच्छा व्यक्त केलेली असते. साच्याच्या खाणाखुणांमधली ही पहिली. त्याजागी आपली ओळख करून देणाऱ्या दोन ओळी लिहा आणि त्या सर्वांत शेवटी लिहा, कारण आपण कोण हे खालचं सगळं लिहून झाल्यावरच कळतं. तळाशी 'वरील माहिती सत्य आहे' हे प्रतिज्ञापत्र, स्थळ, दिनांक, सही, हेही खासगी कंपनीला नको असतं. शाळा, संस्था मागतात तिथे ठेवा.

छंद? वाचन, संगीत ऐकणे, प्रवास, नको. विद्यापीठाच्या कबड्डी संघात खेळलात, भजनी मंडळात पखवाज वाजवता, यूट्यूबवर शेतीचे व्हिडिओ टाकता, हे हवं. दोन मिनिटांची कसोटी इथेही.

बीकॉमच्या त्या मुलीचा कागद

सगळं जुळवल्यावर असा दिसेल:

नाव (आधारप्रमाणे)
मोबाइल, ईमेल, मिरज, जि. सांगली. सांगली-कोल्हापुरात रोज ये-जा शक्य

बीकॉम शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. दूध संकलन केंद्रावर दोन वर्षं नोंदी आणि बिलिंगचा अनुभव. टॅली आणि एक्सेलवर काम करता येतं.

अनुभव
दूध संकलन केंद्र, अर्धवेळ, जून २०२३ पासून
(वरच्या तीन ओळी, बिलांची आधी)
शिकवणी, मे २०२२ ते मार्च २०२४: सातवी-आठवीच्या सहा मुलांना गणित

शिक्षण
बीकॉम, शिवाजी विद्यापीठ, पाचव्या सत्रापर्यंत उत्तीर्ण, अंतिम परीक्षा बाकी
बारावी वाणिज्य, महाराष्ट्र राज्य मंडळ, वर्ष, टक्के
दहावी, महाराष्ट्र राज्य मंडळ, वर्ष, टक्के

कौशल्यं
टॅली: व्हाउचर एंट्री, जीएसटी बिल. एक्सेल: फॉर्म्युले, फिल्टर. मराठी टायपिंग ३०. एमएस-सीआयटी.

भाषा
मराठी. कन्नड (बोलणं). हिंदी. इंग्रजी (वाचन-लेखन चांगलं, बोलण्याचा सराव चालू)

इतर
एनएसएस विशेष शिबिर: गावातल्या ४० घरांची पाणीवापर पाहणी

पाऊण पान भरलं. पान भरण्यासाठी आणखी काही जोडायचं नाही. पहिल्या सीव्हीला एक पान म्हणजे कमाल मर्यादा.

कुठल्या भाषेत, कुठल्या फॉन्टमध्ये

आधी सगळं मराठीत लिहा. विचार मराठीत होत असेल तर काय केलं ते मराठीतच नेमकं सापडतं. मग साध्या इंग्रजीत उतरवा, छोटी वाक्यं, भूतकाळातली क्रियापदं. एआयकडून भाषांतर करून घेतलंत तर ते प्रत्येक ओळीला नटवून परत देतं. दूध तपासणाऱ्या मुलीचं 'क्वालिटी ॲश्युरन्स लीडर' करून टाकतं. जे शब्द तुम्ही तोंडाने उच्चारणार नाही, ते काढा.

कंपन्या आणि बहुतेक कचेऱ्यांना इंग्रजी सीव्ही चालतो. पतसंस्था, साखर कारखाना, मराठी शाळा, वृत्तपत्र, गावपातळीवरच्या संस्था यांच्याकडे मराठी अर्ज आणि मराठी सीव्ही जास्त शोभतो. तो युनिकोडमध्येच टाइप करा. झेरॉक्सच्या दुकानात कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हांची रांग दिसते.

फॉन्ट एकच, आकार ११ च्या आसपास, काळी अक्षरं, पांढरा कागद, ए-फोर. दोन स्तंभांची आणि चित्रांची डिझाइनं टाळा. नोकरीच्या संकेतस्थळांवर सीव्ही आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि चौकटींमधला मजकूर त्याला नीट लागत नाही. तपासायची सोपी युक्ती: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. क्रम नीट आला तर ठीक. नाव खाली आणि शिक्षण वर आलं तर मांडणी बदला. फाइल नेहमी पीडीएफ, आणि नाव 'फायनल-फायनल-२' नको. तुमचं नाव आणि पद.

गूगल डॉक्समध्ये केलंत तर फोनवरूनही दुरुस्ती करता येते. नंतर एका माणसाला वाचायला द्या. मित्राला नको, तो 'भारी आहे' म्हणेल. बँकेत, कारखान्यात, दुकानात जिथे कुणी माणसं कामावर ठेवतं, अशा कुणाला तरी.

पाठवताना

ईमेलचा पत्ता नावाचा हवा. शाळेत असताना काढलेला 'किलर' किंवा 'प्रिन्सेस' असलेला पत्ता बदला. व्हॉट्सॲपचा फोटो आणि ट्रूकॉलरवर दिसणारं नावही एकदा पाहा. एचआरवालेही ते पाहतात.

ईमेलच्या विषयात पद आणि नाव. मजकूर चार-पाच ओळींचा: कुठल्या जागेसाठी, जाहिरात कुठे पाहिली, त्या कामाला जुळणारी आपली एक गोष्ट, कधीपासून रुजू होऊ शकता. रिकाम्या ईमेलला फाइल जोडून पाठवणं म्हणजे दार वाजवून न बोलता उभं राहणं. व्हॉट्सॲपवर 'हाय सर जॉब आहे का' असं नको. 'नमस्कार सर, मी अमुक. अकाउंट असिस्टंटच्या जागेसाठी सीव्ही पाठवत आहे' एवढं पुरे. संदर्भ म्हणून सरांचं किंवा केंद्राच्या सचिवांचं नाव देणार असाल, तर आधी त्यांना विचारा.

सीव्ही पाहून कुणी 'निवड झाली, नोंदणी फी भरा', 'युनिफॉर्मचे पैसे पाठवा', 'ओटीपी सांगा' असं म्हणालं, तर ती नोकरी नाही. नंबर ब्लॉक करा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवा.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर कुठे, कोणत्या तारखेला, कुठल्या क्रमाचा सीव्ही पाठवला ते लिहीत जा. आठ-दहा दिवसांनी एकदा विचारणा करायला हरकत नाही, रोज नको. आणि फोन आला तर पहिले प्रश्न बहुधा साधेच असतात: सध्या कुठे राहता, शिफ्टला जमेल का, कधीपासून येऊ शकाल, पगाराची अपेक्षा काय. चौथ्याला 'तुम्ही द्याल तो' असं उत्तर देऊ नका. त्या गावात त्या कामाला काय मिळतं ते दोन जणांना विचारून ठेवा, खोलीभाडं आणि डब्याचा खर्च मांडा, आणि एक आकडा सांगा.